जुना फोन: कॉल लागत नाही आणि मेमरी फुल, आधी काय बघायचं

जुन्या अँड्रॉइड फोनच्या या दोन तक्रारी बऱ्याचदा जोडीनेच येतात, कॉल लागत नाही किंवा मधेच कट होतो आणि वरती स्टोरेज संपत आल्याची नोटिफिकेशन कधीची लटकलेली असते. ती नोटिफिकेशन बाजूला सरकवायची आणि सिम कंपनीच्या नावाने बोटं मोडायची हा आपला ठरलेला कार्यक्रम. माझं म्हणणं उलटं आहे, आधी जागा करा आणि मग नेटवर्ककडे वळा, कारण इंटर्नल स्टोरेज खरंच संपलं की फोन नवीन एसएमएस घेणंसुद्धा बंद करतो (ओटीपी येत नाही म्हणून आपण बँकेला शिव्या घालत बसतो), डायलर उघडायला वेळ लावतो आणि नेमकं काय बिघडलंय तेच कळेनासं होतं.

मेमरी म्हणजे नक्की कुठली ते आधी बघा. स्टोरेज म्हणजे फोटो, व्हिडिओ, अ‍ॅप जिथे राहतात ती जागा, आणि रॅम म्हणजे चालू कामापुरती जागा. फोटो उडवून रॅम वाढत नाही आणि अ‍ॅप बंद करून स्टोरेज रिकामं होत नाही, हे डोक्यात ठेवलं तर निम्मी धावपळ वाचते.

स्टोरेजचं आधी. सेटिंग्जमध्ये स्टोरेज उघडून कशाने किती जागा खाल्लीय ते बघा. बहुतेक फोनमध्ये आरोपी व्हॉट्सअ‍ॅपच निघतो. त्याच्या सेटिंग्जमध्ये स्टोरेज अँड डेटा, तिथे मॅनेज स्टोरेज, मग मोठ्या फाइल आणि खूप वेळा फॉरवर्ड झालेल्या गोष्टी वेगळ्या दिसतात, त्या बिनधास्त उडवा. पण एक कोपरा कोणी बघत नाही, फाइल मॅनेजरमधून व्हॉट्सअ‍ॅपच्या मीडिया फोल्डरमध्ये जा, व्हिडिओच्या आत सेंट नावाचं फोल्डर असतं. आपण दुसऱ्यांना पाठवलेल्या व्हिडिओची एक जादा कॉपी तिथे पडून असते, म्हणजे मूळ गॅलरीत आणि ही इथे, आणि ग्रुपवर व्हिडिओ टाकायची सवय असलेल्या माणसाच्या फोनमध्ये इथे कधीकधी गीगाबाइटच्या हिशोबात माल सापडतो. मूळ व्हिडिओ गॅलरीत आहे याची खात्री करून हे फोल्डर रिकामं करा. मीडियाचं ऑटो डाउनलोडही बंद करा, नाहीतर महिन्याभरात पुन्हा तेच.

डिलीट करूनही जागा वाढली नाही तर ट्रॅश बघा. गुगल फोटोजमध्ये बॅकअप झालेला फोटो डिलीट केला की तो ६० दिवस ट्रॅशमध्ये राहतो, तिथूनही काढल्याशिवाय जागा मोकळी होईलच असं नाही. आणि हो, बॅकअप झालेला फोटो त्या अ‍ॅपमधून डिलीट केला तर क्लाउडवरूनही जातो, फक्त फोनमधली कॉपी काढायची असेल तर त्यासाठी फ्री अप स्पेसचा पर्याय आहे, तो वापरा.

अ‍ॅपच्या माहितीत क्लिअर कॅश आणि क्लिअर डेटा अशी दोन बटणं असतात. कॅश म्हणजे अ‍ॅपने तात्पुरत्या ठेवलेल्या फाइल, त्या कधीही उडवा, काही बिघडत नाही. डेटा उडवला की अ‍ॅप नव्याने टाकल्यासारखं होतं, लॉगिन जातं, व्हॉट्सअ‍ॅपवर हे केलं आणि बॅकअप नसेल तर चॅट गेलेच. साधारण १० ते १५ टक्के जागा कायम मोकळी राहील असं बघा, गच्च भरलेल्या स्टोरेजवर लिहिणंच हळू होतं.

रॅमसाठी फार काही करता येत नाही, खरं सांगायचं तर. बूस्टर आणि क्लीनर नावाची अ‍ॅप टाकू नका, ती स्वतःच रॅम खातात, आणि बंद केलेलं अ‍ॅप थोड्या वेळात परत चालू झालं की बॅटरीही जाते. महिनोन्‌महिने न वापरलेली अ‍ॅप काढा, नको ती विजेट काढा, जिथे अ‍ॅपची लाइट किंवा गो नावाची हलकी आवृत्ती मिळते तिथे ती घ्या आणि आठवड्यातून एकदा फोन रीस्टार्ट करा. रिंग वाजते पण कॉल उचलायची स्क्रीनच येत नाही, हा प्रकार कमी रॅममुळेही होतो.

आता कॉल. एअरप्लेन मोड अर्धा मिनिट चालू ठेवून बंद करा, फोन नव्याने टॉवर शोधतो. नाही जमलं तर सिम काढून कोरड्या मऊ कापडाने पुसा आणि दुसऱ्या फोनमध्ये घालून कॉल लावा. हीच खरी चाचणी आहे. तिथेही लागत नसेल तर सिम किंवा नेटवर्कचा घोळ, लागला तर तुमच्याच फोनमध्ये शोधायचं. एकाच नंबरला लागत नसेल तर दोन्ही बाजूंनी ब्लॉक लिस्ट बघा, बाहेर जातो पण आत येत नाही असं असेल तर डू नॉट डिस्टर्ब, कॉल बॅरिंग (येणारे-जाणारे कॉल अडवणारी सोय) आणि कॉल फॉरवर्डिंग बघा. कॉल दुसरीकडे वळवला जातोय का ते *#२१# डायल करून कळतं आणि सगळी फॉरवर्डिंग ##००२# ने निघतात, बहुतेक नेटवर्कवर चालतं हे.

कॉल लागतो पण कानाला लावला की स्क्रीन काळी ती परत येतच नाही, तर वरच्या सेन्सरवर स्क्रीन गार्ड किंवा कव्हरची कड आलीय का बघा. कॉल लावला की फोनच बंद पडतो? मग बॅटरी म्हातारी झालीय. सिग्नल कमी असला की फोन जोर लावून ओरडतो, २जीवर तर एका क्षणाला २ वॉटपर्यंत, आणि थकलेली बॅटरी तेवढं देऊ शकत नाही. बॅटरी बदलून घ्या.

वर ४जी दिसतंय, नेट मस्त चालतंय आणि कॉल मात्र लगेच फेल, तर बहुतेक व्होल्टीचा (VoLTE, म्हणजे ४जीवरूनच कॉल करायची सोय) प्रश्न आहे. व्होल्टी बंद असेल तर कॉलच्या वेळी फोन खाली ३जी किंवा २जीवर उतरतो, आणि बऱ्याच ठिकाणी ती जुनी नेटवर्कच बंद झालीत किंवा होतायत. मोबाइल नेटवर्क सेटिंग्जमध्ये व्होल्टीचं बटण चालू करा, प्रेफर्ड नेटवर्क ४जी-३जी-२जी ऑटोवर ठेवा. बटणच नसेल तर सॉफ्टवेअर अपडेट करून बघा, तरी आलं नाही तर त्या नेटवर्कवर हा फोन कॉलला चालणार नाही हे मान्य करा, सिम दहा वेळा बदलून काही होत नाही, दुसऱ्या कंपनीचं जुनं नेटवर्क चालू असेल तर तेवढाच मार्ग.

एवढं करून अडलं तर रीसेट नेटवर्क सेटिंग्ज. वायफायचे पासवर्ड आणि ब्लूटूथच्या जोड्या पुसल्या जातात, बाकी फोटो वगैरे सुरक्षित. फॅक्टरी रीसेट सगळ्यात शेवटी, तेही व्हॉट्सअ‍ॅप आणि फोटोंचा बॅकअप झाल्यावर आणि गुगल अकाउंटचा पासवर्ड आठवतोय याची खात्री करून, कारण कुलूप काढायला फोन तोच मागू शकतो. रीसेटनंतर जुनी सगळी अ‍ॅप एकदम ओतू नका, आधी नुसत्या फोनवरून दोन-चार कॉल लावून बघा आणि मग लागतील तशी एकेक टाका.