पांढरी फौज रंगवताना या चुका टाळा

वॉरगेमसाठी नेपोलियनच्या काळातल्या ऑस्ट्रियन पायदळाची मिनिएचर, म्हणजे छोट्या शिपाई-बाहुल्यांची, बटालियन रंगवायला घेतली की पहिल्या चार-पाच शिपायांतच कळतं, पांढऱ्याइतका हट्टी रंग दुसरा नाही. वॉरहॅमर या काल्पनिक युद्धखेळातली व्हाइट स्कार्स ही पांढऱ्या चिलखताची फौज रंगवणाऱ्यांची रड वेगळी नसते. खाली उदाहरणं २८ मिमीच्या ऑस्ट्रियन शिपायांची दिली आहेत, पण चिलखत असो की कोट, चुका त्याच.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे पांढऱ्यासाठी पांढरी बाटली उघडणं. शुद्ध पांढऱ्याच्या वर उजळ असं काही उरतच नाही, मग हायलाइट, म्हणजे उंचवट्यांवरची उजळ छटा, द्यायचा कशाने? अख्खा कोट टायटॅनियम व्हाइटने भरला की घड्या, शिवणी, खिसे सगळं सपाट होतं आणि शिपाई अर्धवट सोडल्यासारखा दिसतो. म्हणून कोटाचा बेसकोट, म्हणजे पहिला थर, फिकट राखाडी किंवा राखाडीत किंचित पिवळट छटा असलेला घ्या. त्यावर उंचवट्यांना ऑफ-व्हाइट द्या. निव्वळ पांढरा फक्त खांद्यांच्या कडा, कोपराची टोकं आणि छातीवरचे तिरपे पट्टे इथेच. सिटाडेल या कंपनीच्या रंगांत साधारण सेलेस्ट्रा ग्रे, अल्थुआन ग्रे आणि शेवटी व्हाइट स्कार असा जिना होतो. डोळ्याला शेवटी ‘पांढरा कोट’च दिसतो, हातात मात्र बहुतेक वेळ राखाडीच असतो.

ऑस्ट्रियनांच्या बाबतीत इतिहासही याच बाजूने आहे. त्यांचे कोट न रंगवलेल्या लोकरीचे असत आणि स्वच्छ दिसावेत म्हणून त्यांना पांढरी माती, म्हणजे पाइपक्ले, चोळत. मोहिमेवर दोन आठवडे चालून आलेला असा कोट दुधासारखा कसा राहील? म्हणून १८०९ च्या वाग्रामच्या लढाईसाठी शिपाई रंगवत असाल तर कोट किंचित मळकट ठेवा आणि पट्टे त्याहून एक पायरी उजळ. एवढ्या एका फरकाने पट्टा कोटापासून सुटा दिसतो, मध्ये काळी रेघ ओढावी लागत नाही. जाता जाता, १८०६ मध्ये ब्रिटिश नाकेबंदीमुळे फ्रेंचांच्या निळ्या कोटांना लागणाऱ्या निळीचा तुटवडा पडला तेव्हा नेपोलियननेही काही फ्रेंच पलटणींना पांढरे कोट चढवले होते. तो प्रयोग लवकरच गुंडाळला गेला, पण रंगवायला त्या पलटणी मजेदार आहेत.

दुसरी तक्रार नेहमी ऐकू येते: रंग खडूसारखा भुरभुरीत होतो. पांढऱ्यात टायटॅनियम डायऑक्साइडची पूड ठासून भरलेली असते आणि ती बाटलीच्या तळाशी बसते. वरचं पातळ पाणी ब्रशला लागलं की रंग झाकत नाही, मग माणूस वैतागून जाड थर देतो, आणि तो जाड थर वाळताना खरबरीत होतो. बाटलीत स्टीलची गोळी टाकून नीट हलवा. पातळ करताना नुसतं पाणी ओतत राहिलात तर पूड धरून ठेवणारा बाइंडरच विरळ होतो, म्हणून थोडं मॅट मिडियम, म्हणजे बिनरंगाचं, बिनचमकीचं बाइंडर, मिसळा. दोन-तीन पातळ थर द्या, आणि आधीचा पूर्ण वाळेपर्यंत हात लावू नका. अर्धवट वाळलेल्या थरावर ब्रश फिरवला की तो सोलून निघतो. काळ्या प्रायमरवर (रंगाआधीच्या अस्तरावर) पांढरा चढवण्याचा हट्टही सोडा, राखाडी प्रायमर घ्या.

तरीही खरबरीत झालाच तर सपाट भागावर अगदी बारीक पॉलिशपेपर हलक्या हाताने फिरवून वर ऑफ-व्हाइटचा पातळ थर देता येतो. कोटाच्या घड्यांत ते जमत नाही, तिथे रंग उतरवणंच बरं. इंग्लंडमधल्या खेळाडूंची जुनी युक्ती डेटॉलची आहे: प्लॅस्टिक किंवा धातूची मिनिएचर त्यात भिजत ठेवायची आणि जुन्या टूथब्रशने घासायची. फक्त घासताना पाण्याखाली धरू नका, रंगाचा चिकट लगदा होतो. आधी ताज्या डेटॉलनेच धुवा, मग साबण-पाणी. रेझिन असेल तर आधी सुटा तुकडा भिजवून बघा.

आता वॉश, म्हणजे घड्यांत सावली आणणारा अगदी पातळ रंग. काळा वॉश अख्ख्या कोटावर ओतू नका, डाग पडतात आणि कडांवर चहाच्या कपाच्या तळासारखी वर्तुळं उमटतात. बारीक ब्रशने फक्त घडीच्या खोलात सोडा, आणि ओला आहे तोवर जास्तीचा कोरड्या ब्रशने टिपून घ्या. लोकरीला तपकिरी छटा शोभते, चिलखताला निळसर राखाडी. एकाच बटालियनमध्ये दोन्ही वापरू नका.

कोकण-मुंबईकडे जून ते सप्टेंबर स्प्रे प्रायमरचा डबा कपाटातच राहू द्या. दमट हवेत थर धुरकट होतो. कडक उन्हात किंवा फार लांबून मारलात तर थेंब वाटेतच वाळून अंगावर वाळूसारखे बसतात. पावसाळ्यात ब्रशने लावायचा प्रायमर सोयीचा.

कॉलर-कफ कोट पूर्ण झाल्यावरच रंगवा. डॉइचमाइस्टर या ऑस्ट्रियन पलटणीच्या कॉलर-कफचा आकाशी सौम्य आहे, चुकलाच तर कोटाच्या बेसकोटने झाकला जातो. लाल रंग मात्र पांढऱ्यातून गुलाबी डोकावत राहतो. धातूच्या रंगासाठी पाण्याचा वेगळा पेला ठेवा, नाहीतर कोटावर चंदेरी कण चमकतात. पिवळ्या बल्बखाली क्रीम आणि पांढरा एकच दिसतात, तेव्हा शेड ठरवायची ती दिवसाच्या उजेडात.

वार्निश पाण्यावर आधारित, मॅट घ्या. लाकडासाठीचं तेलकट पॉलियुरेथेन कालांतराने पिवळं पडतं, आणि तपकिरी कोटावर न दिसणारा तो पिवळेपणा इथे लगेच उठून दिसतो.