पेंड घेताना या चुका टाळा: गोणीवरचा आकडा म्हणजे प्रथिनं नव्हेत

संध्याकाळच्या धारा उरकून संकलन केंद्रावर किटली रिकामी करताना आठवड्यातून एकदा तरी कुणी ना कुणी विचारतंच, "दूध उतरलंय, कोणती पेंड चालू करू?" मी उलट विचारतो, "वैरण काय टाकताय?" त्यावर बहुतेकांकडे नीट उत्तर नसतं. कुणी म्हणतं, उसाचं वाढं आहे. कुणी म्हणतं, कडबा आहे, मध्ये मध्ये मका. किती किलो विचारलं तर अंदाज नाही. पेंडीच्या गोणीचा दर मात्र तोंडपाठ असतो.

बावीस वर्षं गोठा सांभाळतोय. आज दावणीला चौदा संकरित गायी आणि दोन म्हशी आहेत. या वर्षांत पेंडीवर जेवढा पैसा वाया जाताना पाहिला, तेवढा दवाखान्यावरही पाहिला नाही. चुकाही त्याच त्याच. म्हणून एकदा लिहूनच टाकतो.

वैरणीचा हिशोब न करता पेंड आणणं

ज्वारीच्या कडब्यात प्रथिनं जेमतेम चार टक्के. गव्हाचं काड आणि भाताचा पेंढा त्याहूनही कमी. गायीच्या पोटातले जंतूच वैरण पचवतात आणि त्यांना जगायला एकूण खाद्यात सात टक्क्यांच्या आसपास तरी प्रथिनं लागतात. तेवढी नसतील तर जंतूच उपाशी राहतात, वैरण पोटात पडून राहते आणि गाय खाणं कमी करते. हिरवा लसूण घास, दशरथ घास, चवळी, बरसीम यांत वाळल्या वजनावर सोळा ते वीस टक्के प्रथिनं असतात. दहा किलो कडब्यातून जितकी प्रथिनं मिळतात, साधारण तितकीच दहा किलो ताज्या लसूण घासातून मिळतात, आणि त्या घासात आठ किलो तर नुसतं पाणी असतं. पाच गुंठे लसूण घास केला तर पेंडीची निम्मी चिंता मिटते. पण घास लावायचा, कापायचा, पाणी द्यायचं म्हणजे कष्ट आले. गोणी दारात उतरते. नव्या लोकांना गोणीच हवी असते.

माझी पद्धत साधी आहे. एक दिवस काटा घेऊन बसायचं आणि एका गायीला दिवसभरात काय काय पडतं ते मोजून वहीत लिहायचं. वैरण मोजल्याशिवाय मी कुणालाही पेंडीचं नाव सांगत नाही.

गोणीवरचा आकडा बघून भुलणं

या चुकीवर मी जास्त बोलणार आहे, कारण हिच्यापायी गाय मेलेली मी डोळ्यांनी पाहिली आहे.

प्रयोगशाळेत पेंडीतली प्रथिनं थेट मोजत नाहीत. तिच्यातला नत्र मोजतात आणि त्याला 6.25 ने गुणतात. जो आकडा येतो तो 'कच्ची प्रथिनं' म्हणून छापला जातो. आता युरिया घ्या. त्यात 46 टक्के नत्र. गुणाकार केला की 287 टक्के 'प्रथिनं' येतात. युरियात प्रथिनांचा कणही नाही, पण कागदावर तो शेंगदाणा पेंडीच्या सहापट भारी ठरतो. पन्नास किलोच्या गोणीत अर्धा किलो युरिया मिसळला की आकडा जवळपास तीन टक्क्यांनी वर जातो. अनुदानातली युरियाची 45 किलोची गोणी तीनशे रुपयांच्या आत मिळते. म्हणजे भेसळ करणाऱ्याला अर्ध्या किलोला तीन-चार रुपये पडतात आणि आपण आकड्याकडे बघून गोणीमागे शंभर-दीडशे जास्त मोजतो.

आमच्या शेजारच्या वस्तीवरचा एक तरुण. सहा गायी, हुशार पोरगा, पण घाई फार. दारावर टेम्पो आला, त्यातून त्यानं सरकी पेंडीच्या वीस गोण्या उतरवून घेतल्या. सोबत छापील अहवाल होता, प्रथिनं 31 टक्के. मला दाखवला तेव्हाच म्हटलं, बाबा, सालासकट काढलेल्या सरकी पेंडीत बावीस, फार तर चोवीस टक्के येतात. एकतीस कुठून आले? तो म्हणाला, "काका, नवीन मशीनची आहे." मीही पुढे बोललो नाही. तेव्हा गप्प बसलो, त्याची खंत अजून जात नाही.

पहिल्या दहा-बारा गोण्या बिनबोभाट गेल्या. मग एका संध्याकाळी गोणीतला तळाचा माल घमेल्यात आला. आंबोण, म्हणजे भिजवलेली पेंड आणि भरडा, खाऊन अर्धा-पाऊण तास झाला असेल, पोरगा धावत आला. जाऊन पाहिलं तर दोन गायींच्या तोंडाला फेस, अंगाला कंप, डावी कूस फुगलेली. पहिल्या वेताची गाय पाय ताणून आडवी झाली होती. डॉक्टर येईपर्यंत वीस मिनिटं लागली. त्यांनी नळीतून व्हिनेगर आणि थंडगार पाणी पोटात सोडलं. एक वाचली. आडवी झालेली वाचली नाही. नंतर ती गोणी ताडपत्रीवर उलटी केली. तळाला पांढऱ्या दाण्यांचे गठ्ठे होते, सुपारीएवढे. मिसळतानाही त्यांनी नीट मिसळलं नव्हतं.

युरिया जंतूंना थोडा चालतो, हे खरं आहे. गोळी पेंडीत, म्हणजे कारखान्यात मिसळून गोळ्या केलेल्या तयार खाद्यात, तो एक टक्क्यापर्यंत घालायला मानकातही मुभा आहे. पण तो सगळीकडे एकसारखा मिसळलेला हवा, सोबत मका भरडा किंवा मळीसारखं ऊर्जेचं खाद्य हवं आणि जनावराला त्याची हळूहळू सवय लावलेली हवी. सहा महिन्यांच्या आतल्या वासराला तो अजिबात नको. आणि एक सांगून ठेवतो: फुगलेल्या, थरथरणाऱ्या जनावराला घरच्यांनी बाटलीनं काही पाजू नये. ते श्वासनलिकेत जातं आणि जनावर डॉक्टर येण्याआधीच जातं.

तेव्हापासून नवा माल आला की मी असं करतो. गोणीच्या तोंडातली, मधली आणि तळाची अशी तीन ठिकाणची पेंड घेतो. प्रत्येकीची मूठभर पेंड वेगळ्या पेल्यात कोमट पाण्यात पंधरा मिनिटं भिजवतो आणि पाणी गाळून घेतो. त्या पाण्यात एक चमचा कच्च्या, न भाजलेल्या सोयाबीनचं पीठ टाकून झाकण लावतो. कच्च्या सोयाबीनमध्ये युरियाचा अमोनिया करणारं विकर (एन्झाइम) असतं. अर्ध्या तासानं झाकण उघडलं की वास सांगतो. शिळ्या मुताचा उग्र दर्प नाकात शिरला तर माल परत. औषधाच्या दुकानात लाल लिटमस कागद मिळतो, तो बुडवून निळा झाला की शंकाच उरत नाही. एक पेला सोयाबीन न टाकता शेजारी ठेवायचा, म्हणजे फरक कळतो. पेल्याच्या तळाशी वाळू-माती किती बसली तेही दिसतं, कारण वाळूही वजनावरच विकली जाते.

गोळी पेंड घेताना गोणीवर बीआयएसचा (भारतीय मानक ब्युरोचा) आयएस 2052 हा क्रमांक आहे का ते बघा. त्यात टाइप 1 ला किमान 22 टक्के आणि टाइप 2 ला किमान 20 टक्के कच्ची प्रथिनं ठरवून दिलेली आहेत. 'सुपर', 'गोल्ड', 'डबल पॉवर' या शब्दांना कसलंच मानक नाही.

बुरशी आलेली पेंड 'जनावरच तर खाणार' म्हणून घालणं

ही चूक मी स्वतः केली आहे. एका वर्षी पोळ्याच्या आधी दर उतरला म्हणून शेंगदाणा पेंडीच्या पंचवीस गोण्या भरल्या आणि गोठ्याच्या मागच्या भिंतीला टेकवून जमिनीवरच रचल्या. भाद्रपदात झड लागली. खालच्या दोन थरांना ओल आली. गोणी फोडली तर पेंडीच्या फोडींवर हिरवट-पिवळी लव आणि कुबट वास. सहा-सात गोण्या फेकायच्या म्हणजे जीवावर आलं. ऊन पडलं तशी पेंड वाळवली, लव झटकली आणि चांगल्या पेंडीत मिसळून घातली.

आठ-दहा दिवसांत गायी आंबोणाला तोंड लावीनात. दूध रोज थोडं थोडं उतरत गेलं. सात महिन्यांची गाभण गाय गाभडली. गाभडायला इतर कारणंही असतात, हे मला कळतं. डॉक्टरांनी तपासण्या केल्या, दुसरं काही सापडलं नाही. ते एवढंच म्हणाले, "आधी ती पेंड बंद करा."

मला तेव्हा ठाऊक नव्हतं ते असं: बुरशी झटकता येते, विष झटकता येत नाही. ॲस्परजिलस नावाच्या बुरशीचं अफलाटॉक्सिन उन्हानं जात नाही, उकळूनही जात नाही. 1960 मध्ये इंग्लंडमध्ये लाखभर टर्की पक्षी पटापट मेले आणि त्याचा माग बुरशी लागलेल्या शेंगदाणा पेंडीपर्यंत पोहोचला. त्यातूनच हे विष जगाला कळलं. गायीनं ते खाल्लं की एक-दोन दिवसांत त्याचं एम1 हे रूप दुधात उतरतं. ते दूध आपलीच पोरं पितात, दूध तापवल्यानं त्याचं काही बिघडत नाही. सरकी पेंड आणि मका भरडा यांनाही हाच धोका आहे.

आता मी महिन्याभराच्या वर साठा करत नाही, दर कितीही उतरो. खाली लाकडी फळ्या, भिंतीपासून फूटभर अंतर, आणि पावसाळ्यात दर चार दिवसांनी तळाच्या गोणीत कोपरापर्यंत हात घालून बघतो. आत गरम लागलं तर ती गोणी त्याच दिवशी बाहेर. खराब निघाली तर शेणखताच्या खड्ड्यात, कोंबड्यांनाही नाही. कोंबड्या आणि बदकं या विषाला गायीपेक्षा कितीतरी हळवी असतात.

दुधाला फॅट लागत नाही म्हणून पेंड वाढवणं

फॅट चोथ्यातून येतं. वाळली वैरण कमी आणि आंबोण जास्त झालं की फॅट घसरतं. त्यावर आणखी आंबोण घातलं तर ते अजून घसरणार. 3.5 फॅटला दर बांधलेला असताना 3.1 लागलं की जीव खालीवर होतो, मान्य आहे. पण आधी कडबा वाढवा, गाय निवांत रवंथ करते का ते बघा.

आणि जास्तीची प्रथिनं पोटात साठून राहत नाहीत. सोबत मका भरड्यासारखी ऊर्जा नसेल तर त्यांचा अमोनिया होतो, यकृत त्याचा युरिया करतं आणि तो मुतावाटे जातो. तुम्ही विकत घेतलेली पेंड उकिरड्यात जाते. रक्तातला युरिया वाढला की गायी गाभण राहायलाही त्रास देतात. दोन-तीनदा रेतन करूनही गाय उलटत असेल, म्हणजे पुन्हा माजावर येत असेल, आणि शेण पातळ असेल, तर वळू बदलण्याआधी पेंडीचं घमेलं मोजा. गायीला लिटरमागे 400 ग्रॅम, म्हशीला 500 ग्रॅम आणि शरीरासाठी वर किलो-दीड किलो, एवढ्या हिशोबावर माझा गोठा चालतो.

अझोल्यावर सगळी भिस्त

अझोला म्हणजे पाण्यावर वाढणारं शेवाळासारखं नेचं. ते वाईट नाही, पण त्यात चौऱ्याण्णव-पंचाण्णव टक्के पाणी असतं. दोन किलो ताज्या अझोल्यातून पंचवीस ग्रॅमच्या आसपास प्रथिनं मिळतात. तेवढी सोया पेंडीच्या एका लहान मुठीत असतात. कोंबड्यांना द्या, हौसेनं करा, पण वीस लिटरच्या गायीची पेंड त्याच्या भरवशावर बंद करू नका.

गोणीचा दर बघणं, प्रथिनांचा न बघणं

समजा सरकी पेंड 36 रुपये किलो आणि प्रथिनं 22 टक्के. म्हणजे किलोभर प्रथिनं 164 रुपयांना पडली. सोया डीओसी (तेल काढून घेतलेली सोया पेंड) 46 रुपये आणि 46 टक्के. तिथं तीच शंभराला. सरकीत तेल आणि चोथा असतो, म्हणून म्हशीवाले ती सोडत नाहीत आणि त्यांचं चूक नाही. पण प्रथिनांसाठीच घ्यायची असेल तर हा भागाकार दुकानात उभ्या उभ्या करा.

घरचं सोयाबीन भाव पडला म्हणून कच्चंच भरडून घालू नका. भाजून, थोडं थोडं द्या. युरिया असलेल्या खाद्यासोबत कच्चं सोयाबीन कधीच नको, कारण वर सांगितलेली पेल्यातली गोष्ट गायीच्या पोटात घडते.

लहान वासरांना सरकी पेंड नको. तिच्यातलं गॉसिपॉल हे विषारी द्रव्य त्यांना सोसत नाही.

बायपास प्रोटीन, म्हणजे पोटातल्या जंतूंच्या तावडीतून सुटून पुढे पचणारी प्रथिनं, आठ लिटरच्या गायीला घालणं म्हणजे पैसे घालवणं. ते जास्त दुधाच्या, नुकत्या व्यालेल्या गायीसाठी आहे.

पेंड एका दिवसात बदलू नका. पोटातले जंतू बदलायला वेळ लागतो. पहिले तीन-चार दिवस पाव भाग नवी, मग निम्मी, मग पाऊण, असे दहा-बारा दिवस घ्या. "नवी पेंड लागू पडली नाही" म्हणणाऱ्यांना मी आधी विचारतो, किती दिवसांत बदलली? बहुतेकांनी जुनी गोणी सकाळी संपवून नवी संध्याकाळी फोडलेली असते आणि चौथ्या दिवशी तीही बंद केलेली असते.

आमच्या ओसरीवर लोणच्याच्या रिकाम्या बरण्यांची एक ओळ आहे. प्रत्येक नव्या मालातली मूठभर पेंड एका बरणीत, झाकणावर तारीख, दुकान आणि दर. माल संपून महिना झाला की बरणी रिकामी करून धुऊन ठेवतो. मधल्या काळात एखादी गाय आंबोण सोडू लागली, तर डॉक्टरांच्या हातात द्यायला माझ्याकडे काहीतरी असतं.