गुऱ्हाळावरनं गूळ घ्यायचा असेल तर

दिवाळी झाली की कोल्हापुरात पंचगंगेच्या काठानं गुऱ्हाळं पेटतात, तेव्हा जायचं आणि जमलं तर सकाळी लवकर, म्हणजे काहील, उसाचा रस उकळायची मोठी कढई, उतरताना बघायला मिळते. भेंडीचा रस टाकला की मळी, म्हणजे रसातली घाण, वर येते, ती नीट काढतात का बघा, खरं काम तिथंच आहे. मग गुळव्या, म्हणजे गूळ शिजवणारा कारागीर, उकळता पाक थोडा गार पाण्यात टाकून बोटानं गोळी करून बघतो, घट्ट झाली की काहील वाफ्यात, म्हणजे गूळ गार करायच्या पसरट हौदात, ओततात. या माणसाच्या अंदाजावर अख्खं आदण, म्हणजे एका वेळचा सगळा गूळ, असतं, त्याच्या हाताला खरंच मान द्यायला पाहिजे.

आता गूळ निवडताना पिवळाधमक बघून भुलू नका भावांनो, तो रंग बऱ्याचदा हायड्रॉस पावडरचा, म्हणजे रंग उजळवणाऱ्या रसायनाचा असतो. तांबूस, जरा काळपट घ्या, खडा फोडून चव घ्या, खारट लागला तर सरळ सोडा. काकवीची, म्हणजे पातळ गुळाची, एक बाटली पण घ्याच, गरम भाकरीबरोबर लय भारी लागते.

गुऱ्हाळावर जमत नसेल तर शाहूपुरी, शाहू महाराजांनी १८९५ साली वसवलेली गुळाची पेठ. घरी डबा घट्ट लावा, पावसाळ्यात ओल लागली की गूळ पाझरतो.