‘अ‍ॅनिमल फार्म’ ही राजकीय रूपककथा म्हणून कशी वाचावी

जॉर्ज ऑर्वेल यांची ‘अ‍ॅनिमल फार्म’ ही छोटेखानी कादंबरी १७ ऑगस्ट १९४५ रोजी इंग्लंडमध्ये प्रसिद्ध झाली. एका फार्मवरचे प्राणी मालकाविरुद्ध बंड करतात आणि पुढे सत्ता डुकरांच्या हाती जाते, अशी ही कथा. सोव्हिएत रशिया तेव्हा ब्रिटनचा युद्धातील मित्र असल्यामुळे त्यापूर्वी अनेक प्रकाशकांनी ती नाकारली होती. पहिले वाचन इतिहासाची पुस्तके बाजूला ठेवून, केवळ गोष्ट म्हणून करावे. दुसऱ्या वाचनापूर्वी मात्र काही घटना क्रमाने टिपून घ्याव्यात: १९१७ ची रशियन क्रांती, १९२९ मधील स्टालिनचा प्रतिस्पर्धी ट्रॉट्स्की याची हद्दपारी, सामूहिक शेतीची सक्ती, १९३६ ते १९३८ चे मॉस्को खटले, १९३९ चा जर्मनीशी करार आणि १९४१ चे जर्मन आक्रमण.

आता जुळणी करावी. डुकरांचा म्होरक्या नेपोलियन हा स्टालिन आणि त्याचा प्रतिस्पर्धी डुक्कर स्नोबॉल हा ट्रॉट्स्की, हे लगेच लक्षात येते. अंडी देण्यास नकार देणाऱ्या कोंबड्यांमध्ये सामूहिक शेतीला विरोध करणारे शेतकरी दिसतात, आणि न केलेल्या गुन्ह्यांची कबुली देऊन मरणाऱ्या प्राण्यांमध्ये मॉस्को खटल्यांतील आरोपी. पण जिथे जुळणी बसत नाही, तिथे अधिक वेळ द्यावा. बंडाची कल्पना देणारा म्हातारा डुक्कर मेजर मार्क्ससारखे विचार मांडतो, तर त्याच्या कवटीला पुढे मिळणारा मान लेनिनच्या जतन केलेल्या देहाची आठवण करून देतो. म्हणजे एका पात्रात दोन माणसे आली आहेत. प्राण्यांनी बांधलेली पवनचक्की माणसे स्फोटाने उडवतात, त्या वेळी नेपोलियनखेरीज सगळे प्राणी जमिनीवर पालथे पडतात. आधीच्या मसुद्यात नेपोलियनही पडत होता. जर्मन फौजा चाल करून येत असताना स्टालिन मॉस्कोतच राहिला होता, त्याच्यावर अन्याय होऊ नये म्हणून ऑर्वेल यांनी छपाईपूर्वी तो बदल करवून घेतला. ज्याच्यावर टीका करायची त्याच्याविषयीही खोटे लिहायचे नाही, हा काटेकोरपणा मला फार मोलाचा वाटतो.

एवढ्यावर थांबल्यास कोण कोण होते ते कळेल, पण सत्ता हातातून कशी निसटली ते कळणार नाही. त्यासाठी दुधाचा प्रसंग सावकाश वाचावा. बंडानंतर गाईंच्या धारा काढून पाच बादल्या भरतात. दुधाचे काय करायचे, असे प्राणी विचारतात, तेव्हा नेपोलियन बादल्यांसमोर उभा राहून दुधाची काळजी करू नका, आधी गवत कापायला चला, असे सांगतो. संध्याकाळी परतल्यावर दूध नाहीसे झालेले असते. नेपोलियनचे कुत्रे, कत्तली, कबुल्या हे सगळे अजून पुढे आहे. पण कोणी हटकले नाही, आणि माझ्या मते कथेचे वळण इथेच आहे.

त्यानंतर, बंडानंतर सर्वांसाठी नियम म्हणून भिंतीवर लिहिलेल्या सात आज्ञांचा माग काढावा. प्राण्याने बिछान्यात झोपू नये, या आज्ञेत ‘चादरी घातलेल्या’ हे शब्द शिरतात. दारूबंदीच्या आज्ञेत ‘अति’ शिरते. दुसऱ्या प्राण्याला मारू नये, या आज्ञेत ‘विनाकारण’. प्रत्येक बदलापाशी थांबून दोन गोष्टी वहीत लिहाव्यात: कोणाला वाचता येते आणि कोणाला आठवते. क्लोव्हर घोडीला अक्षरे येतात, पण शब्द जुळवता येत नाहीत. चादरींचा उल्लेख पूर्वी होता असे तिला आठवत नाही, तरी भिंतीवर आहे म्हणजे असणारच, असे ती मानते. बेंजामिन गाढवाला डुकरांइतकेच उत्तम वाचता येते, पण तो वाचत नाही. मध्यरात्री नेपोलियनचा प्रचारक डुक्कर स्क्वीलर मोडक्या शिडीशेजारी पांढऱ्या रंगाच्या डब्यासह पडलेला सापडतो, तेव्हाही काय घडले ते एकट्या बेंजामिनलाच उमगते आणि तो गप्प राहतो. स्क्वीलरच्या भाषणांना दोष सगळेच देतात. बेंजामिनच्या मौनाचा हिशेब फारसा कोणी मांडत नाही, तो आवर्जून मांडावा.

डुकरे आणि माणसे एकत्र बसतात त्या शेवटच्या मेजवानीविषयी मत बनवण्यापूर्वी युक्रेनी निर्वासितांसाठी १९४७ मध्ये निघालेल्या आवृत्तीची ऑर्वेल यांची प्रस्तावना वाचावी. डुकरे आणि माणसे यांचा पूर्ण समेट झाला, असा वाचकांचा समज होईल, पण आपल्याला तसा समेट अभिप्रेत नव्हता, असे ते तिथे स्पष्ट करतात. सोव्हिएत रशिया आणि पाश्चात्त्य देश यांचे संबंध उत्तम जुळल्याचे १९४३ च्या तेहरान परिषदेनंतर (स्टालिन, रूझवेल्ट आणि चर्चिल यांची भेट) सर्वांना वाटत होते; ऑर्वेल यांना ते टिकतील असे वाटत नव्हते, म्हणून नेपोलियन आणि शेजारचा शेतमालक पिल्किंग्टन पत्त्यांच्या डावात एकाच वेळी इस्पिकचा एक्का टाकतात आणि भांडण पेटते.