कागद आणि रेझिनचा श्वापद-मुखवटा
सिनेमातल्या श्वापदासारखा मुखवटा पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या रंगमंचावर घालायचा असेल, तर डोक्याच्या घेरापेक्षा दोन बोटे सैल माप धरून कार्डशीटचे भाग कापावेत व फेविकॉलने जोडावेत. त्यावर पॉलिस्टर रेझिनचा (सुकून कडक होणाऱ्या चिकट द्रवाचा) पातळ हात द्यावा. पहिलाच थर जाड झाला, तर कागद भिजून जबडा लोंबतो आणि तो वाकडेपणा कायमचा राहतो. हार्डनर, म्हणजे रेझिन घट्ट करणारे रसायन, रेझिनच्या वजनाच्या 1 ते 2 टक्के पुरतो, परंतु विदर्भाच्या उन्हाळ्यात मिश्रण डब्यातच घट्ट होत असल्याने काम पहाटे, थोडेथोडे कालवून, अंगणात करावे. अ‍ॅक्सिलरेटर (घट्ट होण्याचा वेग वाढवणारे रसायन) वेगळा मिळाल्यास तो आधी रेझिनमध्ये ढवळावा. हार्डनरशी त्याचा थेट संबंध आल्यास भडका उडतो. दुपट्टा तोंडाला बांधून वाफ अडत नाही, रसायनांची वाफ अडवणाऱ्या फिल्टरचा मास्कच हवा. शेवटी आतून फायबर मॅट (काचतंतूंचे कापड) चिकटवावी आणि नाकपुड्या ऐसपैस कोराव्यात, कारण नाटक रात्रभर चालते.