रजिस्टरच्या मागच्या पानावर तीन ओळी

गावोगाव टीबी, सिकलसेलच्या रुग्णांचा पाठपुरावा करणाऱ्या आशाताईंनो, रात्री रजिस्टर मिटण्याआधी मागच्या पानावर आज बऱ्या झालेल्या तीन गोष्टी लिहा. प्रत्येकीपुढे ‘कशामुळे’ हेही. ‘दिवस चांगला गेला’ असलं मोघम नको. ‘गोळ्या टाळणाऱ्या बाबाजीने आज स्वतःहून रिकामा पत्ता दाखवला, कारण मागच्या खेपेला मी रागावले नाही, धुऱ्यावर बसून त्याच्या पऱ्हाटीचं ऐकून घेतलं’ असं लिहा. खरी गोम त्या ‘कशामुळे’त आहे, तिथे आपला वाटा दिसतो. मानसशास्त्रज्ञ मार्टिन सेलिगमन आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये छापलेल्या अभ्यासात आठवड्याभराच्या या सरावाने मनाला आलेला गुण सहा महिन्यांनंतरही दिसला होता. थकलेलं मानधन मात्र याने निघत नाही, त्यासाठी भांडावंच लागतं.