शंभर मशिन्सवर एकच कमांड चालवताय? या चुका टाळा

एका मशिनवर कमांड फसली की एरर डोळ्यांसमोर असते. तीच कमांड क्लस्टरभर, म्हणजे एकत्र जोडलेल्या सगळ्या मशिन्सवर, सोडली की ओळी भराभर वर सरकतात, प्रॉम्प्ट परत येतो आणि काम झालं असं आपण धरून चालतो. ज्या चार-पाच नोड्सनी, म्हणजे क्लस्टरमधल्या मशिन्सनी, उत्तरच दिलं नाही ते कुणाला दिसत नाहीत. पुढे कधीतरी एखादा जॉब फक्त त्याच नोड्सवर का मरतो, याचा शोध घेत दिवस जातो.

म्हणून पहिलं लक्ष एक्झिट कोडकडे द्या: कमांड संपताना देते तो आकडा, शून्य म्हणजे यश. पीडीएसएच, म्हणजे एकच कमांड अनेक नोड्सवर एकदम चालवणारं टूल, आपणहून दूरच्या कमांडचा एक्झिट कोड परत देत नाही. निम्म्या नोड्सवर कमांड फसली तरी तुमची स्क्रिप्ट शून्य वाचते आणि पुढे जाते. डॅश कॅपिटल एस दिला तर सगळ्या नोड्सच्या कोडपैकी सर्वांत मोठा हाती येतो. साध्या एसएसएचमध्ये (एका दूरच्या मशिनला जोडून कमांड चालवणारं टूल) 255 दिसला तर बहुतेक वेळा कनेक्शनच जुळलेलं नसतं, म्हणजे कमांड तिथे पोचलीच नाही. पण माझा भरवसा त्याहून साध्या तपासणीवर आहे: कमांड यशस्वी झाली तरच शेवटी ‘ओके’ छापायचं, त्या ओळी मोजायच्या आणि यादीतल्या नोड्सच्या संख्येशी ताडून बघायच्या. आकडा जुळला नाही तर पुढचं पाऊल टाकायचं नाही.

आउटपुट डोळ्यांनी चाळत बसू नका. ते पीडीएसएचच्या जोडीच्या डीएसएचबॅकला डॅश सी देऊन पाइप केलं की सारखी उत्तरं देणारे नोड्स एका गटात येतात आणि वेगळा पडलेला नोड लगेच उठून दिसतो. क्लश या पीडीएसएचसारख्याच टूलमध्ये हेच काम डॅश बी करतो.

आता कोट्स. यात अनुभवी माणसंही फसतात. डबल कोट्समध्ये डॉलर होस्टनेम (मशिनचं नाव देणारं व्हेरिएबल) लिहिलं तर ते तुमच्याच मशिनवर उलगडतं, म्हणजे त्याच्या जागी तिथलंच नाव भरलं जातं, आणि सगळे नोड्स तुमच्या लॉगिन नोडचं, जिथून कमांड दिली त्या मशिनचं, नाव सांगतात. इथे निदान चूक कळते तरी. पण फाइल पुसायच्या कमांडमध्ये असंच एखादं व्हेरिएबल असेल आणि ते तुमच्याकडे रिकामं असेल, तर भलताच पाथ सगळीकडे एकाच वेळी पुसला जातो. दूर उलगडायचं ते सिंगल कोट्समध्येच ठेवा, आणि आधी आरएम या पुसणाऱ्या कमांडच्या जागी नुसतं छापणारी इको घालून एकाच नोडवर बघा. पाइपचंही तसंच आहे: कोट्सच्या बाहेर राहिलेला ग्रेप (ओळी गाळून देणारी कमांड) तुमच्या मशिनवर चालतो.

यादीतलं एकेक नाव वाचणाऱ्या व्हाइल-रीड लूपमधून एसएसएच केलं आणि फक्त पहिल्याच नोडवर काम झालं, ही तक्रार नेहमीची. लूप ज्या इनपुटमधून यादी वाचतो तेच इनपुट एसएसएचही वाचतं, त्यामुळे उरलेली नावं तेच गिळून टाकतं. एसएसएचला डॅश एन द्या, प्रश्न मिटतो.

कधी काही नोड्स कनेक्ट होत नाहीत, आणि दर वेळी ते वेगळेच असतात? मग नोड्सना दोष देण्याआधी जंप होस्ट, म्हणजे ज्या मधल्या मशिनमधून सगळी कनेक्शन्स जातात ते, तपासा. ओपनएसएसएच सर्व्हरमध्ये मॅक्सस्टार्टअप्स या सेटिंगचं डीफॉल्ट 10:30:100 असतं. म्हणजे लॉगिन पूर्ण न झालेली कनेक्शन्स 10 झाली की नवी 30 टक्के शक्यतेने नाकारली जातात, आणि 100 ला सगळीच. पीडीएसएच मुळात 32 नोड्सना एकदम हात घालतो, क्लश 64 ना, तर अ‍ॅन्सिबल हे टूल फक्त 5 ना. हा एकदम हाताळायच्या नोड्सचा आकडा, म्हणजे फॅनआउट, कमी करून पाहा. सगळे नोड्स एकाच एनएफएसवरून (नेटवर्कवरच्या सामायिक डिस्कवरून) मोठी फाइल ओढणार असतील तर मी तो मुद्दामच खूप खाली आणतो.

एसएसएचला बॅचमोड (पासवर्ड विचारू नको) आणि कनेक्टटाइमआउट (जोडणीची वेळमर्यादा) दोन्ही ठरवून द्या. नाहीतर एक नोड पासवर्ड विचारत थांबतो आणि सगळं अडकतं. पीडीएसएचमध्ये कनेक्शनला 10 सेकंदांची मर्यादा असते, पण कमांडला मुळात कसलीच नसते. ती डॅश यू ने घाला.

शेवटचं, कंट्रोल-सीबद्दल. पीडीएसएचमध्ये एकदा दाबलं तर फक्त कोणते नोड्स बाकी आहेत ते दिसतं. सेकंदाच्या आत पुन्हा दाबलं तर तो थांबतो, पण दूरच्या नोड्सवरची प्रोसेस तशीच चालू राहू शकते. कमांड पुन्हा सोडण्याआधी सगळीकडे पीग्रेप (चालू प्रोसेस शोधणारी कमांड) चालवून जुनी प्रोसेस उरली नाही ना ते बघा, नाहीतर दोन प्रती एकाच फाइलवर लिहीत बसतील.